फ्रेंच राज्यक्रांतीच्या सभेचं जुनं एचिंग समोर आलं तर ते वाचायचं कसं

जुन्या फ्रेंच एचिंगमध्ये (तांब्याच्या प्लेटवर ॲसिडने रेषा खाववून छापलेलं चित्र) खच्चून भरलेल्या सभागृहाचा सीन असला की बहुतेक लोक ‘वा, काय बारीक काम आहे’ म्हणतात आणि पुढे सरकतात, नाहीतर गूगल लेन्स मारतात आणि लेन्स काहीतरी भलतंच दाखवतं. खरं तर असं चित्र वाचायची एक सोपी चावी आहे. त्या एका कागदावर बऱ्याचदा तीन तारखा असतात, एक घटना घडली ती, दुसरी चित्रकाराने चित्र काढलं ती आणि तिसरी एचिंगवाल्याने प्लेट केली ती, आणि फ्रान्समध्ये या तिन्ही तारखांना तीन वेगळी सरकारं असणं अगदी कॉमन आहे. आपल्याला फक्त या तारखा सुट्या करायच्यात.

उदाहरण म्हणून मी एकच चित्र धरून चालतो, फेलिक्स ब्राकमों या फ्रेंच कलाकाराने देलाक्र्वा या चित्रकाराच्या पेंटिंगवरून केलेलं ‘ब्वासी दांग्लास’चं एचिंग. (ब्वासी दांग्लास हा क्रांतीच्या काळातला संसदेचा सभासद, प्रसंगाच्या दिवशी अध्यक्षाच्या खुर्चीत होता.) प्रसंग १७९५ चा, मूळ पेंटिंग १८३१ चं आणि एचिंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. पण खालची पद्धत या जातीच्या कुठल्याही प्रिंटला चालते, चोर बाजारात धुळीत सापडलेल्या असो की म्युझियमच्या साइटवर झूम करून बघायच्या.

आधी कागद बघा, चित्र नंतर

हे अवघड जातं कारण डोळा आपोआप माणसांकडे पळतो, पण पहिली पाच मिनिटं माणसांकडे बघायचंच नाही. कागद तिरका धरा, बाजूने उजेड येऊ दे, आणि चित्राच्या चारी बाजूंनी चौकोनी दाब उठलाय का बघा. याला प्लेटमार्क म्हणतात. एचिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर मेण-डांबर-राळेचा थर द्यायचा, सुईने तो थर खरवडून चित्र काढायचं, मग प्लेट ॲसिडमध्ये बुडवायची, जिथे तांबं उघडं पडलंय तिथे ॲसिड खातं आणि खाच पडते. त्या खाचांत शाई भरायची, वरची शाई जाळीदार कापडाने पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून प्लेट जड रोलरखालून काढायची. त्या दाबाने प्लेटची कड कागदात उमटते आणि खाचेतली शाई कागदावर किंचित उंच बसते, तिरक्या उजेडात गडद रेषांना कणभर उठाव दिसतो. (बोट फिरवून बघू नका, बोटाचं तेल कागदाला लागतं.)

प्लेटमार्क नाहीये म्हणजे लगेच नकली असंही नाही हं, कारण जुन्या मालकांनी फ्रेममध्ये बसवायला समास कापून टाकलेले असतात आणि त्याबरोबर प्लेटमार्कही जातो. उलट प्लेटमार्क आहे म्हणून एचिंगच असंही नाही. फोटोग्राव्ह्यूरलाही (फोटोवरून प्लेट बनवून केलेल्या छपाईला) प्लेटमार्क असतो, आणि काही छापवाल्यांनी नुसता रिकाम्या प्लेटचा दाब देऊन खोटा चौकोन उठवलाय. म्हणून पुढची पायरी.

दहापट भिंग घ्या आणि रेषेचं टोक बघा

स्टॅम्प गोळा करणारे वापरतात ते साधं भिंग पुरतं. रेषा कुठे संपते तिथे बघायचं. एचिंगची रेषा मोकळ्या हाताची असते, थोडी थरथरते, जाडी साधारण सारखीच राहते आणि टोक बोथट असतं, कारण ती ॲसिडने खाल्लेली आहे. एनग्रेव्हिंगची रेषा हत्याराने तांबं कापून काढलेली, म्हणून ती मध्ये फुगते आणि टोकाला सुईसारखी निमुळती होते. लिथोग्राफमध्ये खाच नसतेच, खडूने दगडावर काढल्यासारखा दाणा दिसतो. ॲक्वाटिंटमध्ये रेषांऐवजी बारीक जाळीसारखा टोन दिसतो. आणि एकसारख्या ओळीत ठिपकेच ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई, म्हणजे पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेलं पान, विषय संपला.

राज्यक्रांतीच्या चित्रांमध्ये गोंधळ असा की बऱ्याच प्लेट्स मिक्स असतात, सुरुवात एचिंगने आणि शेवट एनग्रेव्हिंगच्या हत्याराने. १७९० च्या दशकातल्या मोठ्या चित्रमालिका बघा, मोने या चित्रकाराच्या ड्रॉइंगवरून एल्मानने केलेल्या किंवा प्रियरच्या ड्रॉइंगवरून बेर्तोने केलेल्या, त्यात गर्दी एचिंगने भराभर टाकलीये आणि इमारतीच्या सरळ रेषा थंड डोक्याने कापल्यात. ब्राकमोंच्या पिढीचं गणित वेगळं होतं. १८६२ मध्ये पॅरिसमध्ये एचिंगवाल्यांची सोसायटी निघाली, प्रकाशक कादार होता आणि ब्राकमों स्थापनेतल्या मंडळींपैकी एक. त्यांचं म्हणणं की एचिंग ही चित्रकाराच्या हाताची गोष्ट आहे, कारागिराची नुसती नक्कल नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या पेंटिंगवरून केलं तरी रेषेत स्वतःचा हात दिसलाच पाहिजे, आणि ब्राकमोंच्या कामात तो दिसतो.

कागदाच्या बाबतीत या पिढीने एक खोडी करून ठेवलीये. त्यांना जुना, उजेडात धरल्यावर समांतर रेघा दिसतात तसला कागद फार आवडायचा, कधीकधी तर जुन्या वह्यांमधली कोरी पानं मिळवून त्यावर छापायचे. म्हणजे कागद अठराव्या शतकातला आणि चित्र एकोणिसाव्या शतकातलं असं होऊ शकतं, तेव्हा नुसत्या कागदावरून वर्ष ठरवू नका.

खालच्या बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं

रिवाज असा की चित्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं नाव, उजव्या कोपऱ्यात प्लेट करणाऱ्याचं आणि मध्ये किंवा अगदी तळाला छापखाना किंवा प्रकाशकाचं नाव-पत्ता. नावापुढे लॅटिन शब्दांची छोटी रूपं येतात, ‘पिंक्स’ म्हणजे याने रंगवलं, ‘देल’ म्हणजे याने ड्रॉइंग केलं, ‘स्कल्प’ किंवा नुसतं ‘स्क’ म्हणजे याने प्लेट कोरली, ‘इम्प’ म्हणजे याने छापलं. फ्रेंचमध्ये ‘द’आप्रे’ दिसलं की ‘अमक्याच्या चित्रावरून’. हा एक शब्द विकणारे सोयीस्करपणे खाऊन टाकतात आणि मग ‘ओरिजिनल देलाक्र्वा’ म्हणून दहापट भाव सांगतात. ब्राकमोंचं एचिंग हे ओरिजिनल ब्राकमों आहे आणि तेवढं पुरेसं भारी आहे, पण देलाक्र्वाने त्या प्लेटला हात लावलेला नाही, तो १८६३ मध्येच वारला.

प्रकाशकाचा पत्ता सोन्यासारखा असतो कारण दुकानं जागा बदलायची आणि एखादा पत्ता फक्त ठराविक वर्षांतच वापरलेला असतो. अक्षरं अजिबातच नसतील तर घाबरू नका, ती मजकूर कोरायच्या आधीची प्रत असू शकते, अशा प्रती मुद्दाम थोड्या काढायचे आणि जास्त किमतीला विकायचे. फक्त खालचा समास कापून मजकूर उडवलेला नाही ना हे आधी बघा.

मागची बाजू बघायला विसरू नका. कलेक्टरांचे छोटे शिक्के असतात, आद्याक्षरं, मुकुट, प्राणी वगैरे. ल्यूग्ट नावाच्या गृहस्थाने १९२१ मध्ये असल्या शिक्क्यांची यादी छापली आणि आता ती नेटवर फुकट शोधता येते. शिक्का जुळला की प्रिंट कोणाकोणाच्या कपाटातून आली ते कळतं.

आता चित्र: ही कुठली सभा?

इथे खरी मजा आहे. क्रांतीच्या दहा वर्षांत सभा भरली वेगवेगळ्या ठिकाणी, आणि प्रत्येक जागेची खूण वेगळी.

उंच उघड्या भिंती, वर खिडक्या, फर्निचर जवळजवळ नाहीच, मध्ये एक माणूस टेबलावर उभा आणि सगळ्यांचे हात वर, तर डोळे झाकून २० जून १७८९, व्हर्सायचं टेनिस कोर्ट. टेबलावरचा माणूस बायी, सभेचा अध्यक्ष. बहुतेक सगळी चित्रं दाविद या चित्रकाराच्या ड्रॉइंगवरून आलीयेत, आणि कोपऱ्यात हात छातीवर घट्ट बांधून बसलेला एकटा माणूस दिसला तर तो मार्तँ-दोश, शपथ घ्यायला नकार देणारा एकमेव. खांबांच्या रांगा, राजा सिंहासनावर, माणसं तीन गटांत वेगवेगळ्या कपड्यांत, तर ५ मे १७८९, इस्टेट्स-जनरलचं, म्हणजे पाद्री, सरदार आणि सामान्य लोक या तीन वर्गांच्या प्रतिनिधी-सभेचं उद्घाटन. उंच अस्वली टोप्यांचे शिपाई, संगिनी, लाल झग्यातले सभासद पळतायत आणि मध्ये बारीक तरुण जनरल, तर १० नोव्हेंबर १७९९, साँ-क्लू, नेपोलियनने सत्ता बळकावली तो दिवस.

सभागृहात भाले, बायका, लाल टोप्या घुसल्यात आणि भाल्यावर माणसाचं मुंडकं अध्यक्षासमोर धरलंय, तर ते आपलं चित्र, २० मे १७९५. मुंडकं रस्त्यावर असेल तर बहुतेक १७८९ चा जुलै, बास्तीय तुरुंगावरच्या हल्ल्याचा. गर्दी घुसलीये पण कपडे उंच हॅट आणि लांब पँटचे असतील तर शतकच वेगळं, १५ मे १८४८, पोलंडच्या बाजूने घोषणा देत लोक नॅशनल असेंब्लीत शिरले होते. हे १८४८ वालं आणि १७९५ वालं ऑनलाइन लिस्टिंगमध्ये सर्रास एकमेकांच्या नावाने फिरतं, कपडे बघितले तर पाच सेकंदात सुटतं.

पहिली तारीख: २० मे १७९५ ला नेमकं काय झालं

क्रांतीतला जहाल नेता रोबेस्पिएर जाऊन दहा महिने होत आलेले. डिसेंबर १७९४ मध्ये सरकारने भावांवरचं नियंत्रण उठवलं, कागदी नोटा गडगडल्या, वर हिवाळा भयानक. वसंतापर्यंत पॅरिसमध्ये रेशनच्या ब्रेडचा तुकडा काही दिवस माणशी साठेक ग्रॅमवर आला. २० मेला, म्हणजे त्यांच्या नव्या कॅलेंडरप्रमाणे १ प्रेरियालला, साँत-आंत्वान आणि साँ-मार्सोच्या कामगार वस्त्यांमधून लोक निघाले, पुढे बायका, आणि घोषणा होती ‘ब्रेड आणि १७९३ ची राज्यघटना’. तुइलरी राजवाड्यात कन्व्हेन्शनची, म्हणजे तेव्हाच्या संसदेची सभा चालू होती, तिथे ते दार फोडून आत शिरले. फेरो नावाचा तरुण सभासद त्यांना अडवताना मारला गेला, असं सांगतात की लोकांनी त्याला फ्रेरों हा दुसरा सभासद समजलं, नावं ऐकायला सारखीच. त्याचं डोकं कापून भाल्यावर लावलं आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या ब्वासी दांग्लाससमोर नाचवलं. त्याने हॅट काढून त्या डोक्याला वंदन केलं आणि बसून राहिला. चित्र याच क्षणाचं.

आता एक गोष्ट चित्रात कधीच नसते ती सांगतो. हा ब्वासी दांग्लास पॅरिसच्या धान्यपुरवठ्याचं काम बघत होता आणि लोकांनी त्याचं नाव ‘ब्वासी-दुष्काळ’ ठेवलं होतं. म्हणजे समोरची गर्दी कुठल्या तरी भलत्या माणसावर चिडलेली नव्हती. आणि खुर्चीवर तो रात्रभर पुतळ्यासारखा बसला असंही नाही, संध्याकाळनंतर व्हर्निए नावाचा दुसरा सभासद खुर्चीत होता. मध्यरात्रीच्या सुमारास सैन्याने हॉल रिकामा केला. काही दिवसांत रस्त्यावर पाचपेक्षा जास्त बायकांनी जमायला बंदी आली. गर्दीची बाजू घेणाऱ्या सहा सभासदांना १७ जूनला मृत्यूची शिक्षा झाली आणि त्यांनी एकमेकांकडे सुरा देत स्वतःला भोसकून घेतलं, त्यातला एक झिल्बेर रोम, ज्याने प्रेरियाल-बिरेरियाल महिन्यांचं कॅलेंडर बनवण्यात मुख्य काम केलं होतं तोच.

दुसरी तारीख: १८३० ला हे चित्र कोणाला हवं होतं

जुलै १८३० च्या तीन दिवसांत राजा बदलला, लुई-फिलिप आला. नव्या सरकारला संसदेच्या भिंतीवर मोठी चित्रं पाहिजे होती म्हणून गृहमंत्री गिझोने स्पर्धा लावली, विषय तीन: लुई-फिलिपची शपथ, राजाच्या माणसाला ठणकावणारा क्रांतीतला नेता मिराबो, आणि गर्दीपुढे न हललेला ब्वासी दांग्लास. दुसरा आणि तिसरा विषय शेजारी ठेवा म्हणजे सरकारचा अजेंडा उघडा दिसतो: आम्ही हुकूमशहापुढेही वाकत नाही आणि रस्त्यावरच्या लोकांपुढेही नाही, आम्ही मधले. आणि बॅरिकेडवर लढलेल्या लोकांच्या जिवावर गादीवर आलेल्या सरकारने हे म्हणायचं, यातली गंमत त्या काळच्या लोकांना कळली नसेल असं मला वाटत नाही.

देलाक्र्वाने मिराबो आणि ब्वासी दोन्ही विषयांवर चित्रं दिली आणि दोन्हीत हरला. ब्वासीची स्पर्धा व्हँशोंने जिंकली. देलाक्र्वाने मग स्पर्धा या प्रकाराविरुद्ध एक खरमरीत पत्र छापलं, ते वेगळंच प्रकरण. त्याचं ब्वासी आता बोर्दोच्या म्युझियममध्ये आहे आणि मिराबो कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेकमध्ये.

हरला का, ते चित्र बघितलं की कळतं. सरकारला हिरो हवा होता आणि देलाक्र्वाने हॉल रंगवला. छत उंच आणि काळोखं, माणसांची लाट, आणि अध्यक्ष त्यात एवढासा. तुलनेला लूव्हरमधलं अलेक्सांद्र-एव्हारिस्त फ्रागोनारचं याच प्रसंगाचं चित्र उघडा, तिथे कोण कोणाला वंदन करतंय हे लगेच समजतं. देलाक्र्वाकडे अध्यक्षाला शोधावं लागतं. मला वैयक्तिक हेच जास्त खरं वाटतं, दंगलीत सापडलेल्या माणसाला दंगल अशीच दिसत असणार.

तिसरी तारीख: ब्राकमोंची प्लेट

आता मुद्द्याची अडचण. पेंटिंग जवळजवळ सगळं अंधाराचं, तपकिरी-काळं, त्यात लाल-निळ्याचे थोडे तुकडे. एचिंगवाल्याकडे काय, तर काळी रेषा आणि पांढरा कागद. अंधार करायचा तर रेषांवर रेषा आडव्या-उभ्या-तिरक्या टाकाव्या लागतात. ॲसिडची आंघोळ एकदाच देऊन भागत नाही. पहिल्यांदा थोडा वेळ बुडवायचं, तांब्यावर येणारे बुडबुडे पिसाने हळूच हलवायचे नाहीतर ॲसिड खाली सारखं खात नाही, मग बाहेर काढून ज्या रेषा फिक्या ठेवायच्यात त्यांच्यावर वार्निश लावून बंद करायच्या आणि उरलेल्या परत ॲसिडमध्ये. सगळ्यात काळ्या जागा सगळ्यात जास्त वेळ खाल्ल्या जातात. जेजेला किंवा कुठेही प्रिंटमेकिंग शिकलेल्यांना हे पाठ असेल, बाकीच्यांनी एकदा एखाद्या वर्कशॉपला जाऊन बघाच.

इथे रिस्क असा की रेषा फार जवळ गेल्या तर मधली तांब्याची भिंतच खाल्ली जाते, मग तिथे खाच न राहता सपाट खड्डा होतो आणि पुसताना त्यातली शाई निघून जाते, म्हणजे जिथे गच्च काळं पाहिजे तिथे राखाडी डाग. म्हणून भिंग घेऊन मुद्दाम सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जा. कागदाचे बारीक पांढरे कण अजून श्वास घेतायत का, की सगळं एकत्र लगदा झालंय? चांगल्या प्रतीत अंधारातसुद्धा रेषांची दिशा बदलताना दिसते, छताच्या रेषा एका अंगाने, गर्दीच्या वेगळ्या, आणि त्या दिशांमुळेच गर्दी पुढे लोटल्यासारखी वाटते. देलाक्र्वाने ब्रशने जे केलं ते इथे रेषेच्या दिशेने केलंय, आणि या कारणासाठी मी असलं एचिंग नुसतं कॉपी म्हणून उडवून लावत नाही.

आणखी एक तपासणी उलट-सुलटची. प्लेट छापली की चित्र आरशासारखं उलटं पडतं, म्हणून मूळ पेंटिंगशी जुळवायचं तर प्लेटवर उलटं काढावं लागतं. काही जण आरसा ठेवून काढायचे, काही जण सरळ काढून उलटं छापून मोकळे. मूळ चित्राचा फोटो शेजारी लावून बघा. मूळ मिळत नसेल तर तलवारी बघा, म्यान डाव्या कमरेला पाहिजे, सगळ्यांच्या उजव्या कमरेला दिसली तर चित्र उलटं आहे.

तिसऱ्या तारखेचं राजकारणही विचारायचं असतं. ब्राकमोंच्या उत्तर काळात फ्रान्समध्ये तिसरं प्रजासत्ताक होतं, १८७९ ला मार्सेयेझ राष्ट्रगीत झालं, १८८० ला १४ जुलैची राष्ट्रीय सुट्टी आली आणि १८८९ च्या शताब्दीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. क्रांती आता भीतीची गोष्ट राहिली नव्हती, ती शाळेत शिकवायची, भिंतीवर लावायची गोष्ट होत होती. १८३१ ला नापास झालेलं चित्र या हवेत महाग, संग्राह्य प्रिंट होऊन आलं. तुमच्याकडे दुसरी कुठली प्रिंट असेल तर तिथेही हाच प्रश्न: छापली तेव्हा सत्तेत कोण होतं आणि गर्दीचे चेहरे माणसांचे काढलेत की राक्षसांचे?

ऑनलाइन शोधताना

इंग्रजीत शोधलं तर निम्म्या गोष्टी सापडत नाहीत. विकिपीडियावरून नावाचं फ्रेंच स्पेलिंग उचला आणि ते टाकून शोधा, तारीख क्रांतीच्या कॅलेंडरमध्येही टाकून बघा. गॅलिकावर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे स्कॅन आहेत, त्यात इतिहासाच्या प्रिंट्सचे प्रचंड संग्रह आहेत. पॅरिसच्या कार्नाव्हाले म्युझियमचा क्रांतीचा साठा शहराच्या म्युझियमांच्या साइटवर आहे आणि पुष्कळ इमेज फुकट डाउनलोड होतात. डाउनलोड केलेली इमेज आणि तुमची प्रत शेजारी लावून खालचा मजकूर अक्षरशः अक्षर-अक्षर जुळवा, एका प्रतीत पत्ता असेल आणि दुसरीत नसेल तर त्या प्लेटच्या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

विकत घेताना आणि घरी ठेवताना

विकणाऱ्याकडून तीन फोटो मागा: खालच्या समासाचा क्लोजअप, बाजूच्या उजेडात प्लेटमार्कचा, आणि मागच्या बाजूचा. फ्रेममधून काढून दाखवत नसेल तर सोडून द्या. १८६० नंतर तांब्याच्या प्लेटवर पोलादाचा पातळ मुलामा द्यायची पद्धत रुळली, त्यामुळे प्लेट न झिजता ढीगभर प्रती निघायला लागल्या, तेव्हा ‘फार दुर्मिळ’ हे वाक्य ऐकलं की किती प्रती निघाल्या असतील ते विचारा.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके येतात आणि कसर लागते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावूच नका. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये ॲसिड-फ्री माउंट पाहिजे, आणि मागे हार्डबोर्ड किंवा पुठ्ठा थेट लावू देऊ नका, नेहमीचा फ्रेमवाला तेच करतो, त्याला आधीच सांगून ठेवा. सेलोटेप तर अजिबात नाही, वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, बास, म्हणजे उद्या पाण्याने सुटतात. ठिपके आधीच असतील तर यूट्यूब बघून ब्लीच करायला जाऊ नका, कागद दुरुस्त करणाऱ्या कन्झर्व्हेटरला दाखवा, आणि तोपर्यंत प्रिंट ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये आडवी ठेवा, उभी गुंडाळून नाही.